सातवी जागा

यादी परत आली तेव्हा तिच्यावर एकेचाळीस नंबर होते.

इंजिनीअरबाईने ते दोनदा मोजले. एकदा वरून खाली, एकदा खालून वर, कारण एकदाच मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही एवढं तरी ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकली होती. दोन्ही वेळा एकेचाळीसच. समितीकडे तिने मागितला होता एक नंबर. फार तर दोन.

"काका, ही कसली यादी?"

"तूच मागितलीस की. ज्यांचा फोन लागलाच पाहिजे अशांची," कंडक्टरकाका म्हणाले. ते नेटवर्क समितीचे अध्यक्ष. एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून निवृत्त झाले होते, आणि अजूनही कुणाशी बोलताना पाय फाकवून उभे राहायचे, जणू पुढे वळण आहे. "टेलर आहे, त्याला कापडवाल्याशी बोलावं लागतं. न्हावी आहे."

"न्हाव्याचं काय तातडीचं असतं?"

"अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक उठून गेलं तर परत बोलवायला नको?"

"आणि हा तुमचा नंबर दोनदा कसा?"

"एक माझा. एक अध्यक्षाचा."

"नंबर एकच आहे, काका."

"मग चाळीस धर," काका उदारपणे म्हणाले.

तिने यादीची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. समितीची खोली म्हणजे धान्याच्या गोदामाचा मागचा भाग. एक टेबल, सहा खुर्च्या, त्यातल्या दोन डुगडुगत्या. भिंतीवर नेटवर्कचा नकाशा तिनेच लावला होता, आणि त्याच्या खिळ्याला कुणीतरी छत्री अडकवून ठेवली होती.

नेटवर्क म्हणजे तरी काय होतं? पाण्याच्या टाकीवर उभा केलेला लोखंडी खांब, त्यावर अँटेना, खाली पत्र्याच्या कपाटात बुटांच्या खोक्याएवढा रेडिओ, त्याला जोडलेला एक छोटा संगणक, आणि हे सगळं चालवणारी चार सोलर पॅनेलं. डोंगरामुळे या खोऱ्यात कुठल्याच कंपनीचा सिग्नल पोचत नव्हता, म्हणून पाच वाड्यांनी मिळून स्वतःचं नेटवर्क घातलं होतं. खड्डे त्यांनी खणले, बॅटऱ्या त्यांनी खांद्यावरून वर चढवल्या. सॉफ्टवेअर एका लहानशा संस्थेचं, आणि त्या संस्थेने ते सांभाळायला पाठवलेलं माणूस म्हणजे ती.

त्या खोक्यात एका वेळी सात फोन बसायचे. आठवा आला की त्याला "सर्व लाइन्स व्यस्त आहेत" ऐकू यायचं. त्यातही वाडीतल्या वाडीत केलेला फोन दोन जागा खायचा, कारण त्याची दोन्ही टोकं त्याच एका खांबाला लटकलेली. टेलर रस्त्यापलीकडच्या आपल्या बायकोला "चहा टाक" एवढं सांगायला फोन करायचा, तेव्हा सातांतल्या दोन जागा त्या चहावर जायच्या. दुसरं खोकं लावावं तर पॅनेलांत तेवढा जोर नव्हता, आणि सरकारी परवानगीही एकाच खोक्याची होती.

दिवसभर हे निभायचं. संध्याकाळी सहा ते सात मात्र निभायचं नाही. शहरात कामाला गेलेली मुलं, नवरे, भाऊ पाळी संपवून त्याच वेळी खोलीवर पोचायचे आणि सगळं खोरं एकदम फोनला चिकटायचं.

आणि याच वेळात सिस्टरला फोन लागत नव्हता. सिस्टर म्हणजे दवाखान्यातली नर्स. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. बाकीचे सहा दिवस पाच वाड्यांना ती एकटी. गेल्या महिन्यात एक गवंडी परातीसकट खाली आला, तेव्हा तालुक्याच्या हॉस्पिटलची गाडी मागवायला तिने चौदा वेळा नंबर लावला. पंधराव्यांदा लागला. गवंड्याचा पाय वाचला, पण सिस्टरने इंजिनीअरबाईला दवाखान्याच्या पायरीवर बसवून सांगितलं, "गिरणीवालीची सून आठव्या महिन्यात आहे. तिचं बीपी मला आवडत नाही. तिला झटके आले तर माझ्याकडे एक इंजेक्शन आहे आणि तासभराचा वेळ आहे. तो तास मी तुझी ती रेकॉर्ड केलेली बाई ऐकत बसणार नाही."

गिरणीवाली मावशी म्हणजे इंजिनीअरबाईची घरमालकीण. पिठाच्या गिरणीच्या मागच्या खोलीत ही भाड्याने राहायची. सून रोज सकाळी हिच्या दारात गरम पाण्याची बादली आणून ठेवायची, नको नको म्हटलं तरी. हल्ली पाय सुजल्यामुळे ती बादली दोन्ही हातांनी धरून, थांबत थांबत आणायची.

खरं तर उपाय एका ओळीचा होता. सातांतली एक जागा सिस्टरसाठी राखून ठेवायची. इंजिनीअरबाईने तो पहिल्याच महिन्यात समितीपुढे ठेवला होता, आणि समितीने एकमताने फेटाळला होता. "सात जागा म्हणून आम्ही बॅटऱ्या वाहिल्या, आता सहा कशा?" असं सगळे म्हणाले. काका म्हणाले, "माझ्या गाडीत राखीव सीट रिकामी आणि लोक लोंबकळतायत, असं मी कधी होऊ दिलं नाही." मग तिने दुसरा उपाय लिहिला. सगळ्या जागा सगळ्यांना, पण यादीतल्या नंबराने फोन लावला आणि जागा नसेल तर सगळ्यात लांबलेला फोन आपोआप कापायचा आणि ती जागा याला द्यायची. त्यासाठी यादी हवी होती. त्यासाठी ही यादी आली होती.

तिने संस्थेतल्या दादाला फोन लावला. दादा तिचा वरिष्ठ. शांत माणूस, नको तितका शांत.

"चाळीस नंबर दिलेत त्यांनी. चाळीस."

"बरं मग?"

"मग काय? सगळेच महत्त्वाचे म्हणजे कुणीच नाही. मी गुपचूप सिस्टरचा एकटीचा नंबर घालते आणि मोकळी होते."

"कुणाचा फोन लागणार हे समितीला विचारल्याशिवाय बदलायचं नाही, असा करारात नियम आहे."

"मला माहीत आहे. तो नियम मीच लिहिलाय."

"छान लिहिलायस," दादा म्हणाला, आणि त्याच्या मनात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

तिने फोन ठेवला. मग तिने जे केलं त्याचं समर्थन तिला नंतर करता आलं नाही. हवी आहे ना यादी, मग घ्या यादी, असं म्हणून तिने चाळीसच्या चाळीस नंबर जसेच्या तसे घातले आणि गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला ते चालू करून पडद्यासमोर बसली.

सहा वाजून चार मिनिटांनी टेलरने न्हाव्याला कापलं. न्हाव्याने परत लावला आणि काकांना कापलं. काकांनी अध्यक्ष या नात्याने दोघांना कापलं. पुढे कोण कुणाला कापतंय हे पडद्यावर वाचता येईना, ओळी पावसाळी किड्यांसारख्या वळवळायला लागल्या. सात वाजेपर्यंत दोनशे बारा फोन कापले गेले. सरासरी लांबी सतरा सेकंद. बाहेर रस्त्यावर माणसं हातात फोन धरून दारात आली होती आणि एकमेकांकडे संशयाने बघत होती. तिला हसू येत होतं. आता उद्या यांना आकडे दाखवते, मग बघू कोण महत्त्वाचं.

सव्वासातला सिस्टर आली. दार न ठोठावता आत आली.

"मी डॉक्टरांशी बोलत होते," ती म्हणाली. "तुझ्या घरमालकिणीच्या सुनेचं औषध वाढवायचं, ते किती, हे विचारत होते. त्यांनी 'सकाळी' म्हटलं आणि फोन गेला. पुन्हा लावला, 'अर्धी' म्हटलं आणि गेला. पाच वेळा. सकाळी अर्धी, की सकाळी एक आणि अर्धी रात्री? तूच सांग, तू शिकलेली आहेस."

इंजिनीअरबाईने पडदा सिस्टरच्या नजरेआड वळवला.

"हे काय चाललं होतं तासभर?"

"त्यांनी दिलेली यादी लावून बघत होते, ताई. म्हणजे त्यांना कळावं की..."

"त्यांना धडा शिकवत होतीस."

"हो."

"मधे मी बसलेय, हे ध्यानात होतं?"

नव्हतं. तिने ते शब्दांत सांगितलं नाही, पण सिस्टरला चेहरे वाचायची सवय होती. ती खुर्चीवर बसली, पायातली चप्पल काढून तळवा दाबत राहिली, आणि मग थकलेल्या आवाजात म्हणाली, "या महिन्याअखेर मी बदलीचा अर्ज देणार आहे. तुझ्यावर राग नाही. पण ज्यात झोप लागत नाही, असं काम मला जमणार नाही."

यादी तिने त्याच रात्री काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनीअरबाई गिरणीच्या ओट्यावर बसली होती. काही काम नव्हतं, म्हणजे होतं, पण डोकं चालत नव्हतं. गिरणीसमोर डब्यांची रांग लागली होती. माणसं रांगेत उभी राहत नसत, डबे राहत. माणसं कडेला बसून गप्पा मारत. मावशी पिठाने पांढरी झालेली, एकेक डबा उचलून ओतत होती.

तेवढ्यात वरच्या वाडीचा सुतार आला. त्याने आपला डबा रांगेच्या शेवटी ठेवला नाही. तो सगळ्यांच्या समोर उभा राहिला, गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजाच्या वर ओरडून म्हणाला, "घरी दहा माणसं कामावर आहेत आणि पीठ संपलंय, माझा डबा पुढे घेतो," आणि सरळ पहिल्या नंबरावर ठेवला. कुणी अडवलं नाही. एक म्हातारी फक्त म्हणाली, "काल झोपला होतास काय?" आणि तो ओशाळून हसला.

इंजिनीअरबाईने मावशीला विचारलं, "हे चालतं?"

"काय?"

"असं मधे घुसलेलं."

"घुसला कुठे? सांगून गेला," मावशी म्हणाली. "ज्याला घाई आहे त्याने सगळ्यांसमोर कारण सांगायचं आणि पुढे जायचं. आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे."

"मग रोज सगळेच सांगतील की घाई आहे."

मावशीने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, जशा नजरेने ती दळण न निवडता आणणाऱ्यांकडे बघायची. "रोज कोण सांगेल? तोंड आहे ना प्रत्येकाला. उद्या याच लोकांत बसायचंय त्याला. एकदा एकीने पाहुणे आलेत म्हणून डबा पुढे टाकला, पाहुणे नव्हतेच. तीन वर्षं झाली, अजून तिला विचारतात, पाहुणे गेले का म्हणून."

इंजिनीअरबाई उठली ती तशीच खोलीत गेली.

तीन दिवस तिने लिहिलं, खोडलं, लिहिलं. सगळ्यात मोठी अडचण साधी होती: कारण सांगायचं तर बोलायला जागा हवी, आणि जागा तर भरलेल्या. म्हणजे एक जागा मोकळी ठेवायलाच लागणार. तिने ती ठेवली. साधे फोन सहा जागांवर चालतील. ज्याला निकड आहे त्याने नंबराआधी स्टार दाबायचा. त्याला सातवी जागा मिळेल आणि एक टूं वाजेल. मग आठ सेकंदांत आपण कोण आणि काय निकड, हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. ते शब्द, त्याच आवाजात, सगळ्यात लांबलेल्या फोनवरच्या दोघांना ऐकू जातील आणि तो फोन कापला जाईल. तिथे झालेली मोकळी जागा पुढच्या निकडीसाठी.

तिने हे सोमवारी समितीपुढे मांडलं आणि ओठ आवळून बसली.

"म्हणजे कुणीही दाबू शकतो?" टेलरने विचारलं.

"कुणीही."

"यादी नाही?"

"यादी नाही."

"खोटं बोलला तर?"

कोपऱ्यात बसलेली मावशी म्हणाली, "तुझ्याच आवाजात खोटं बोलणार, आणि ज्याचा फोन कापलास तो सकाळी तुझ्याकडे विजार शिवायला येणार. बोल खुशाल."

लोक हसले. टेलरही हसला, जरा उशिरा. काका भिंतीवरच्या नकाशाकडे बघत विचार करत होते. "चांगलं आहे," ते शेवटी म्हणाले. "अगदी बरोबर आहे. सहा बसलेले, एक दारात. हे तू पहिल्याच महिन्यात का नाही सुचवलंस?"

तिने तोंड उघडलं. पहिल्याच महिन्यात मी हीच जागा मागत होते, काका, हीच सातवी, आणि तुम्ही सगळ्यांनी हात वर करून नाही म्हटलंत. हे सगळं तिच्या जिभेवर आलं, दातांपर्यंत आलं, आणि तिने ते गिळलं.

"सुचलं नाही," ती म्हणाली.

दादाने फोनवर तीन शंका काढल्या. एक, लोकांचा आवाज साठवणं योग्य आहे का. साठवत नाही, ऐकवला की पुसला जातो, ती म्हणाली. दोन, कुणाची खाजगी गोष्ट भलत्याच्या कानावर जाईल. "दादा, इथे शिंकलं तरी पलीकडच्या वाडीत विचारतात सर्दी झाली का." तीन, आठच सेकंद का? आठ हा आकडा तिला बरा वाटला होता, इतकंच. असं काही लिहिताना तिची मान आपोआप खाली जायची, पण आकडा तिने तसाच ठेवला.

पहिल्या आठवड्यात स्टार चार वेळा दाबला गेला. तीन वेळा सिस्टरने. एकदा न्हाव्याने, "मी न्हावी, मला, म्हणजे, माझी," इथपर्यंत बोलून लाजेने स्वतःच फोन ठेवला. सिस्टरने बदलीचा अर्ज अजून दिला नव्हता. फाडलाही नव्हता. "बघते," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या बुधवारी, संध्याकाळी सहा वाजून बावीस मिनिटांनी, इंजिनीअरबाई खोलीत बसून पडद्यावर कापलेल्या फोनांची जुनी नोंद साफ करत होती. बाहेर गिरणी चालू होती. मावशीचा आवाज पट्ट्याच्याही वर चढत होता, कारण ती मुलाशी बोलत होती. मुलगा शहरात एका कारखान्यात, सुनेचा नवरा. रोज सहाला त्याचा फोन यायचा आणि रोज तोच सगळ्यात लांबायचा. पडद्यावर पहिली ओळ नेहमी मावशीची. आजही वीस मिनिटं झाली होती. विषय एकच, बाळंतपणाला रजा कधी टाकायची. सून घरी नव्हती, सिस्टरकडे तपासायला गेली होती.

सातव्या जागेचा दिवा पडद्यावर लाल झाला. कुणीतरी स्टार दाबला होता.

आठ सेकंद. मग पहिली ओळ कापली गेली.

बाहेर मावशीचा आवाज अर्ध्या वाक्यात थांबला. गिरणी चालूच होती. इंजिनीअरबाई दारात आली तेव्हा मावशी फोन कानाला लावूनच उभी होती, फोनवर पिठाची बोटं उमटलेली.

"सिस्टर होती," मावशी म्हणाली. "माझ्या फोनात. म्हणाली, गिरणीच्या सुनेला झटका आलाय, इंजेक्शन दिलंय, गाडी... आणि गेलं."

"मावशी..."

"गाडी मागवली का?"

"मागवतेय. आत्ता बोलतेय त्यांच्याशीच." तिने मागे वळून पडद्याकडे बघितलं, सिस्टरचा फोन चालू होता, हॉस्पिटलच्या नंबरावर, एकोणीस सेकंद, वीस. "लागलाय, मावशी. पहिल्या झटक्यात लागलाय." शब्द तोंडातून गेल्यावर आपण 'झटका' म्हटलं हे तिला कळलं.

मावशीने फोन स्टुलावर ठेवला आणि ओट्यावरून उतरली. पदराला हात पुसले, तरी ते पांढरेच राहिले, आणि ती दवाखान्याच्या दिशेने चालू लागली. धावली नाही, पण तिच्या वयाच्या बाईला इतकं भरभर चालताना इंजिनीअरबाईने कधी पाहिलं नव्हतं. डब्यांच्या कडेला बसलेल्यांपैकी एकाने उठून गिरणीचं बटण बंद केलं, आणि ती चालू असताना किती आवाज करते हे सगळ्यांना एकदम जाणवलं.

मग इंजिनीअरबाईने पुन्हा पडद्याकडे बघितलं. बाहेरचा एक नंबर वाडीत यायला धडपडत होता. नाकारला. पुन्हा. नाकारला. तो मुलगा होता. त्यानेही ते ऐकलं होतं, बायकोला झटका आलाय एवढं, आणि पुढे काहीच नाही. दीड मिनिटात नऊ वेळा.

तिने स्वतःचा फोन उचलला, स्टार दाबला, त्याचा नंबर लावला. टूं वाजलं.

"हॅलो," ती म्हणाली. "हॅलो, मी... हे मी इंजिनीअर..." आठांतले चार सेकंद गेले. ज्या बाईने हे सगळं लिहिलं तिलाच बोलता येत नाही. "गिरणीच्या मुलाला सांगायचंय, गाडी मागवलीय," तिने कसंबसं कोंबलं, आणि यावेळी कापलं गेलं ते काकांचं, त्यांच्या मुलीशी चाललेलं बोलणं.

मुलाने पहिल्याच रिंगला उचलला.

"आई?"

"मी बोलतेय, मागच्या खोलीतली. ऐका. इंजेक्शन वेळेवर दिलंय. सिस्टर जवळ आहे. गाडीवाल्यांशी बोलणं झालंय. आई तिच्याकडे गेली आहे."

"पण ती कशी आहे?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली, कारण तिला माहीत नव्हतं. "कळलं की मी करते फोन. तुम्ही निघा."

"शेवटची बस आठला आहे."

"मग आठच्या बसने निघा."

त्याने ठेवला. ती पडद्यासमोर बसली. सहा साधे फोन चालू होते. मग पाच झाले. तिने बॅटरी तपासली, ती ठीक होती. चार. खोकं ठीक होतं. तापमान ठीक. तिने सवयीने चूक शोधायला सुरुवात केली, नोंदी वर-खाली केल्या, आणि चूक कुठे सापडेना. तीन. दारात सावली पडली. काका उभे होते, पाय फाकवून.

"माझा कापलास."

"काका, मला..."

"ऐकलं मी. सगळ्यांना सांगून आलो, फोन ठेवा म्हणून. टेलर ऐकत नव्हता, त्याच्या बायकोनेच त्याचा हातातून घेतला." ते जरा घुटमळले. "पण बाई, असं अर्ध्यात तोडायचं म्हणजे. माझी मुलगी काय म्हणत होती ते आता मला कळणारच नाही. निदान वाक्य तरी पुरं होऊ देत जा."

"काका, वाक्य कधी पुरं होतं हे कॉम्प्युटरला कळत नाही."

"मग शिकव त्याला," काका म्हणाले आणि वळणावर हॉस्पिटलची गाडी चुकू नये म्हणून रस्त्याकडे निघून गेले.

गाडी सहा पन्नासला आली आणि सहा चौपन्नला गेली, आत सून, सिस्टर आणि मावशी. तालुक्याचा रस्ता वीस मिनिटांचा. पुढच्या अर्ध्या तासात इंजिनीअरबाईने काहीही उपयोगाचं केलं नाही. एका फाइलमध्ये आठचे बारा केले, बाराचे दहा केले, परत आठ केले. ओट्यावरचे डबेवाले एकेक करून आपले न दळलेले डबे उचलून गेले, एकीने जाताना विचारलं, "काही कळलं का?" आणि ती "नाही" म्हणाली तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

सात पंचवीसला सिस्टरचा फोन आला.

"दाखल केलं. दुसरा झटका आला नाही. बाळाचे ठोके चांगले आहेत, डॉक्टर बहुतेक आजच बाळंतपण करतील. तिच्या नवऱ्याला सांग, आणि नीट सांग. माझं ते आठ सेकंदांत घाईघाईत गेलं. 'घाबरू नका' म्हणायचं होतं, तेवढ्यात वेळच संपला."

"बारा करू का, ताई?"

"पंधरा कर. आणि मावशीला गिरणीचं कुलूप आठवतंय, ते लावून टाक." तिने ठेवला.

इंजिनीअरबाईने मुलाला फोन लावला. स्टार दाबायची गरज पडली नाही. सगळ्या खोऱ्यात एकही फोन चालू नव्हता. तिने त्याला सगळं सांगितलं, बाळाचे ठोके, दुसरा झटका नाही, डॉक्टर काय म्हणाले, सगळं ओळीने, जसं प्रयोगाच्या वहीत लिहितात तसं.

"बरं," तो म्हणाला. "बसला अजून वेळ आहे."

"हो."

"पिशवी भरून झाली. स्टँड समोरच आहे, लवकर जाऊन तिथे नुसतं बसायचं." मग म्हणाला, "तुम्हाला काम असेल."

होतं. पंधरा करायचे होते, कुलूप लावायचं होतं, दादाला कळवायचं होतं. "नाही, बोला," ती म्हणाली.

मग तो बोलत राहिला. रजेच्या अर्जावर साहेबाची सही कशी राहिली, हिला पहिल्यापासून मीठ जास्त लागतं, सिस्टरने सांगूनही ऐकत नाही, पिशवीत दोनच शर्ट घेतलेत, पुरतील का. मधेच तेच पुन्हा. इंजिनीअरबाईने एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने गिरणीचं दार ओढून घेतलं, कुलूप घातलं, परत येऊन बसली. बाहेर दिवे लागले होते. हळूहळू लोक पुन्हा फोन लावायला लागले, पडद्यावर एक ओळ आली, मग दुसरी, मग सहाही जागा भरल्या, आणि सगळ्यात वर, सगळ्यात लांबलेल्या फोनाच्या ओळीत, तिचाच नंबर होता. एकोणीस मिनिटं, वीस, एकवीस. कापायला पहिला. तिने पडदा मिटला आणि त्याला विचारलं, "मग साहेब सहीचं काय म्हणाले?"